येणाऱ्याचं पाणी

गोदाबाई या नावानं त्यांना बुऱ्हाणपुरात फार थोडे ओळखतात. रिक्षावाल्याला ‘बंगलीवाली माय’ सांगा, तो राजघाटाच्या चढावर आणून सोडेल.

बंगली म्हणजे जुनं गेस्ट हाउस. खाली चार खोल्या, वर दोन, मधे चौक, चौकात विहीर आणि कडुनिंब. आताचे मालक योगेंद्रशेठ, त्यांच्या आजोबांनी बांधलं. सूत आणि कापड घ्यायला लांबून व्यापारी यायचे, त्यांच्या मुक्कामासाठी. आता किल्ला आणि कुंडी भंडाऱ्याची जुनी भुयारी पाणीवाट बघायला आलेले प्रवासी उतरतात. तापीकाठानं पायी निघालेले उतरतात. दवाखान्यात माणूस ठेवलेले उतरतात.

मी गवंडी. चुन्यात शिकलो, सिमेंटमध्ये म्हातारा झालो. गुडघे गेले तेव्हा थापी ठेवली.

गोदाबाई बंगलीत पहिल्यांदा आल्या त्या छत चोपायला. चुन्याचं छत नुसतं पसरून होत नाही. विटांचे तुकडे, चुना आणि सुरखी, म्हणजे विटांचा चुरा, यांचा थर घालायचा, आणि बायकांनी ओळीनं बसून लाकडी चोपण्यानं तो चोपायचा. घट्ट होईपर्यंत, दिवसच्या दिवस. गोदाबाई तेव्हा नव्या नवरी होत्या. त्यांच्या टोळीतल्या निर्मलाबाई अजून आहेत. त्या सांगतात, दुपारी जेवायच्या आधी चुन्याच्या पाट्या धुवून ठेवणारी ती एकटीच होती. जुन्या शेठाणींनी ते पाहिलं आणि काम संपल्यावर तिला ठेवून घेतलं. गोदाबाई हे स्वतः सांगत नाहीत. विचारलं तर म्हणतात, “पाट्या तर धुवाव्याच लागतात.”

नवरा मागावर होता. लवकर गेला. मूल नव्हतं. आईबाप त्याच्या कितीतरी आधी गेलेले. काकानं लग्न लावून दिलं आणि पुन्हा फिरकला नाही. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात. न्यायला माहेरचा मुराळी येतो. गोदाबाईंना न्यायला कधी कोणी आलं नाही. त्या दिवशी त्या बंगलीतच असायच्या. पितरांची घागर भरायच्या आणि उतरलेल्या पाहुण्यांना जेवायला घालायच्या.

बंगलीची एक रीत आहे. ती शेठच्या आजोबांची, पण टिकवली गोदाबाईंनी. प्रत्येक खोलीत तांब्याचा हंडा आहे. पाहुणा जाताना तो हंडा विहिरीवरून स्वतः भरून ठेवतो. त्याच्यानंतर जो येईल त्याच्यासाठी. येणाऱ्याचं पाणी जाणाऱ्यानं भरायचं. खोलीत नळ आले तरी ही रीत सुटली नाही. एकदा एक मोठे साहेब उतरले होते. जाताना त्यांनी ड्रायव्हरला पुढं केलं.

गोदाबाई म्हणाल्या, “खोलीत कोण झोपलं होतं? हा?”

साहेब हसले. बाह्या वर केल्या आणि विहिरीवर गेले.

मी पण तो हंडा भरलाय. तरुण असताना घाटावरच्या देवळाचं काम करताना परांचीवरून पडलो. पाय मोडला. माझं घर राजपुऱ्यात, वरच्या मजल्यावर, जिना अरुंद. गोदाबाईंनी मला बंगलीच्या ओसरीत खाट दिली. पाय जुळेपर्यंत तिथंच होतो. दोन वेळचं जेवण, धुतलेली चादर. आमचं नातं काही नव्हतं. निघालो तेव्हा त्यांनी माझ्यासमोर माठ ठेवला, कारण ओसरीत हंडा नव्हता. काखेत कुबडी घेऊन मी तो भरला. त्यांनी हात लावला नाही. मी पण मदत मागितली नाही. माठ जागेवर ठेवला तेव्हा त्या म्हणाल्या, “आता तू बरा झालास.”

हे लक्षात ठेवण्यासारखं होतं. मी ठेवलं.

गेली काही वर्षं वरची पूर्वेकडची खोली गळत होती. कुणा ठेकेदारानं छतावर डांबराचा थर दिला होता. पुढच्या वर्षी गळलं की आणखी एक. मागच्या पावसाळ्यात एक नवराबायको अर्ध्या रात्री भिजले. त्यांनी त्याचे फोटो फोनवरून सगळ्या जगाला दाखवले. पाहुणे कमी झाले.

फाल्गुनात योगेंद्रशेठनी मला बंगलीच्या छतावर बोलावलं. शेठ वाईट माणूस नाहीत. दुकान आहे, लूम आहेत, वेळ नाही. सोबत तृप्ती होती. राजपुऱ्याचीच पोरगी, भोपाळला इमारतींचं शिकून आलेली. बंगलीला वारसा म्हणून मान्यता मिळावी, प्रवाशांना तशीच दाखवावी, असं तिचं चाललं होतं. गोदाबाई जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या.

“वारसा, वारसा करता तुम्ही,” शेठ तृप्तीला म्हणाले. “गाहकाच्या अंगावर पाणी टपकलं तर तो वारसा म्हणून सोसेल का? स्लॅब टाकावी तर या भिंती वजन घेत नाहीत. मग सगळंच उतरवायचं आणि नवं लॉज. ठेकेदार तयार आहे.”

“और माय?” तृप्तीनं विचारलं. “मायचं काय?”

“तिला खाली खोली देईन ना. लिफ्टच्या बाजूला.”

“लिफ्ट कशाला?” गोदाबाई म्हणाल्या. “मी चढते की.”

“माय, तुझ्यासाठी नाही लिफ्ट.”

“मग विहीर?”

शेठनी खाली चौकात बघितलं. “ती बुजवावी लागेल. गाड्या लावायला जागा पाहिजे.”

गोदाबाई माझ्याकडे वळल्या. एवढंच म्हणाल्या, “मिस्तरी, मग हंडा कुठून भरायचा रे?”

शेठ पाडायचं बोलत होते ते माझ्या सांगण्यावरून. मला विचारलं तेव्हा मी सांगितलं होतं की छत गेलं. इतकी वर्षं छतं केली, डाग बघून सांगतो. तृप्ती म्हणाली, “काका, एक मिनिट.” तिनं कोपऱ्यातलं डांबर छिन्नीनं सोललं. खालचा चुना ओला होता, ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर. मग ती कठड्याच्या कडेनं चालत गेली आणि दोन ठिकाणी टोकरलं. डांबराच्या थरांखाली पन्हळ्या गाडल्या गेल्या होत्या. पाणी बाहेर जायच्या जुन्या वाटा बंद, कठड्याच्या भेगेतून पाणी आत, आणि वरून डांबराचं झाकण. चुना पाणी पितो तसं सोडतो पण. त्याला सोडू दिलं नव्हतं. तिनं खाली जाऊन तुळया वाजवून बघितल्या. सागवान ठणठणीत.

“छत नही गया काका,” ती म्हणाली. “वरचा थर गेलाय. तो नवा करता येईल.”

माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. पोरीच्या आलं. बरं वाटलं. आपल्या गल्लीतली पोर आपल्यापेक्षा नीट बघते यात वाईट वाटण्यासारखं काय आहे?

“करेल कोण?” शेठनी विचारलं. “चुन्याचं छत करणारी माणसं आहेत का आता?”

“मी आहे,” गोदाबाई म्हणाल्या. “हा आहे. निर्मला आहे.”

“तिघांचं मिळून वय सांगू का माय?”

“वय चोपायचं नाहीये शेठ.”

शेठना हसू आलं. मग त्यांनी अट घातली, आणि ती सरळ होती. पावसाच्या आधी छत करायचं. पन्हळ्यांना बोळे लावून छतावर रात्रभर पाणी भरून ठेवायचं. छताखालच्या त्या खोलीत एक थेंब जरी आला तरी बंगली पाडायची. नाही आला तर बंगली राहील, विहीर राहील.

“थेंब आला की नाही ते कोण बघणार?” गोदाबाईंनी विचारलं.

“मी बघेन.”

“मग खाली झोपा. कधी झोपलात बंगलीत?”

शेठ कधीच झोपले नव्हते. घर दोन गल्ल्या सोडून, कशाला झोपतील? “झोपेन,” ते म्हणाले.

जुना थर मजुरांनी काढला. चुना मी चौकात खड्डा करून विझवला आणि मुरत ठेवला. मुरलेला चुना लोण्यासारखा हाताला लागतो. त्याच्या आधी घाई केली तर पुढं फुटतो. दळायला दगडी घाणी पाहिजे, गोल चरात फिरणाऱ्या चाकाची. शहरात आता कुठं उरली नाही. शाहपुरला चुडामण पाटलांच्या केळीच्या मळ्यात एक पडून होती. बायको दवाखान्यात होती तेव्हा चुडामण महिनाभर बंगलीत राहिले होते. निरोप मिळताच त्यांनी घाणी साफ केली. आधी ट्रॅक्टर लावून बघितला. चाक असं पळालं की चुना चराबाहेर उडाला आणि पाटलांच्या मिशा पांढऱ्या झाल्या. मग शेजाऱ्याचा बैल आणला. बैलाला घाई नसते. चुना बैलाच्या चालीनंच दळला जातो.

गूळ आणि बेलफळाचं पाणी गोदाबाईंनी केलं. ते चोपताना वरून शिंपडायचं, म्हणजे थर घट्ट बसतो.

चोपायला निर्मलाबाई आल्या. त्यांना मांडी घालता येत नव्हती, म्हणून पाटावर बसल्या. बाकीच्या सगळ्या आमच्या गल्लीच्या सुना. माझी सून दीपाली त्यांना घेऊन आली. एकीनंही आधी चोपणं हातात धरलेलं नव्हतं. मी एकच गोष्ट सांगितली. थर टाकला की थांबायचं नाही. रोज चोपायचं, थर ओला ठेवायचा. अर्धवट चोपलेला चुना या उन्हात वाळला की भुसा. मग वर सोनं ओतलं तरी तो जुळत नाही.

पहिल्या दिवशी गोदाबाई ओळीच्या मागून फिरत होत्या.

“दीपाली, पापड लाटतेस का? चोप!”

“माय, हात दुखतात वं.”

“दुखू दे. फोन धरून दुखत नाहीत?”

“गोदे,” निर्मलाबाई पाटावरून म्हणाल्या, “तू पण पहिल्या दिवशी रडली होतीस. मी पाहिलंय.”

“डोळ्यात चुना गेला होता.”

“दोन्ही डोळ्यांत?”

सगळ्या हसल्या. हसताना चोपणी थांबली. गोदाबाईंनी टाळी वाजवली. पुन्हा सुरू झाली.

सगळ्यांचे हात एकदम पडावेत म्हणून चोपताना गाणं लागतं. निर्मलाबाईंची गाणी सुनांना येईनात. सुनांनी फोनवरचं लावलं. त्याचा ठेका फार जलद. निर्मलाबाई म्हणाल्या, “या ठेक्यावर छत नाही, चटणी होईल.” शेवटी नुसतं “हां, हां” म्हणत ठेका धरला. तिसऱ्या दिवसापर्यंत हात बसले. चोपण्याचा आवाज आधी ओल्या मातीवर मारल्यासारखा होता, तो थोडा कोरडा झाला. अजून बरंच बाकी होतं, पण काम मार्गी लागलं होतं.

त्या संध्याकाळी घरी दीपाली म्हणाली, “बाबा, उद्या मी शाहपुरला चालले. दादा येतोय न्यायला.”

“का?”

“का म्हणजे? आखाजी नाही का!”

मी भाकरी खाली ठेवली.

दिवस मी आणि गोदाबाईंनी ठरवले होते. मी चुना मुरला का ते बघितलं. त्यांनी ऊन बघितलं, केळीची पानं कधी मिळतील ते बघितलं. आखाजी दोघांनीही बघितली नाही. खानदेशाच्या या टोकाला वैशाखात बायकांचं काम काढायचं आणि आखाजी विसरायची, ही चूक दुसरं कुणी करणार नाही. सगळ्याच सुना जाणार होत्या. सगळ्यांचे मुराळी निघाले होते.

मी तसाच बंगलीत गेलो. गोदाबाई चौकात घागरी धूत होत्या. एक पितरांसाठी भरायची होती. म्हणजे सण त्यांना आठवत होता. सुना जातात हे आठवलं नव्हतं.

मी सांगितलं. त्या हातातली घागर तशीच धरून बसल्या.

“मला कोणी न्यायला येत नाही ना मिस्तरी,” त्या म्हणाल्या. “म्हणून राहूनच गेलं.”

“सुनांना सांगू, या वर्षी थांबा म्हणून. मी दीपालीला सांगतो. ती ऐकेल.”

“नाही.”

“माय, छत जाईल. बंगली जाईल.”

“लेकीला माहेरी जाऊ नको म्हणायचं? माझ्या डोक्यावरच्या छतासाठी?” त्यांनी घागर पालथी घातली. “नाही सांगायचं. शपथ आहे तुला.”

“मग चोपणार कोण?”

“आपण चोपू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मुराळी आले. मोटारसायकली, एक जीप. सुना नटून गेल्या. दीपाली जाताना माझ्याकडे बघत होती, मी “जा, जा” म्हटलं. मग आम्ही तिघं छतावर बसलो. गोदाबाई, पाटावर निर्मलाबाई आणि पाय लांब करून मी. पुरुषानं छत चोपायचं नसतं असं म्हणतात. मी चोपलं. दुपार होईपर्यंत एक कोपरा झाला. उरलेल्या छतावर ओली पोती टाकली होती, ती डोळ्यांसमोर वाळत होती. गोदाबाई पाणी शिंपडून येत आणि पुन्हा चोपायला बसत. त्यांचा हात थांबत नव्हता. पण तीन हातांचं छत नव्हतं ते. आम्हा तिघांनाही ते दिसत होतं. तरी चोपत राहिलो.

उन्हं कलली तेव्हा खालून आवाज आला. “बाबा! घराला कुलूप लावून इथं काय करताय?”

माझी मुलगी सुनंदा. जळगावला दिलेली. हातात बॅग, तशीच वर आली. आखाजीला माहेरी आली होती. मी तिची वाट बघायची पण विसरलो होतो.

“वहिनी गेली?” तिनं विचारलं.

“गेली. सगळ्या गेल्या.”

तिनं छताकडे बघितलं. पोत्यांकडे बघितलं. निर्मलाबाईंच्या हाताला बांधलेल्या चिंधीकडे बघितलं. बॅग कठड्यावर ठेवून ती खाली गेली. मला वाटलं पाणी प्यायला गेली असेल.

थोड्या वेळानं जिन्यावर पावलं वाजायला लागली. सुनंदा पुढं, मागं भूमिका, तिच्यामागं निशा, मागं आणखी. राजपुऱ्याच्या लेकी. कुणी खंडव्याहून आलेली, कुणी धुळ्याहून, कुणी रावेरहून. सुना गेल्या त्याच दिवशी लेकी आल्या होत्या. हे दर आखाजीला होतं. माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

लहानपणी या सगळ्या बंगलीच्या कडुनिंबाला झोके बांधायच्या, छतावर उड्या मारायच्या आणि गोदाबाईंची बोलणी खायच्या.

“माय,” सुनंदा पदर खोचत म्हणाली, “तेव्हा छतावर नाचलो तर झाडू घेऊन मागं लागायचीस. आता बरं चालतं?”

“नाचू नको. चोप.”

“आधी झोका बांधायचा. आखाजी आहे. झोका नाही तर चोपणं नाही.”

“बांधा बाई,” गोदाबाई म्हणाल्या. “दोर कोठीत आहे.”

अर्ध्याजणी चोपायच्या, अर्ध्याजणी झोक्यावर, मग अदलाबदल. गाणी झोक्याची, ठेका चोपण्याचा. ती गाणी निर्मलाबाईंना येत होती. आवाज वरून खाली आणि खालून वर जात होता. आखाजीच्या दिवशी गोदाबाईंनी सकाळी घागर भरली, पूजा केली आणि सांजोऱ्या तळायला बसल्या. पहिला घाणा करपला. इतकी वर्षं पाहुण्यांना करून घालणारी बाई, तिचा घाणा करपला. मला म्हणाल्या, “लेकींना किती लागतात रे? अंदाजच नाही मला.” मी म्हटलं, भरपूर कर.

दुपारी गल्लीतून भूमिकाची आई ओरडली, “काय गं, माहेरी आलीस की मजुरीला?”

भूमिकानं कठड्यावरून वाकून उत्तर दिलं, “माहेरीच आले! मायकडं!”

वरच्या सगळ्या हसल्या. गोदाबाई तिथंच उभ्या होत्या, शिंपडायच्या पाण्याचा तांब्या घेऊन. त्या तांब्या घेऊन खाली गेल्या. तांब्या भरलेलाच होता. बराच वेळ वर आल्या नाहीत.

लेकी माहेरपणाला राहिल्या तितके दिवस रोज आल्या. शेवटच्या दिवशी चोपणं छतावर मारलं की उडून परत हातात यायला लागलं आणि दगडासारखा आवाज आला. मी हात वर केला. झालं.

छत झालं म्हणजे काम झालं असं नाही. चुन्याला पुढं कितीतरी दिवस ओलं ठेवावं लागतं. चुडामण पाटलांनी ट्रॉली भरून केळीची पानं आणि सोपटं पाठवली. ती छतावर पसरली आणि रोज पाणी घातलं. आणि वैशाखातच विहिरीवरची मोटर जळली. दुरुस्त करणारा लग्नाला गेलेला. आज येतो, उद्या येतो.

गोदाबाईंनी रीत थोडी वाढवली. जाणाऱ्यानं एक हंडा येणाऱ्यासाठी भरायचा आणि एक छतावर ओतायचा. कुणाला सक्ती नव्हती. त्या फक्त सांगायच्या की छत अजून बाळंतीण आहे, त्याला पाणी लागतं. माणसं भरायची. पुण्याचा एक जाडजूड माणूस किल्ला बघायला आला होता. दोन जिने चढून त्यानं हंडा पानांवर ओतला, कठडा धरून उभा राहिला आणि म्हणाला, “किल्ला सोपा होता.” दवाखान्यातून आलेला एक म्हातारा रोज दोन तांबे घेऊन चढायचा. बायकोला बरं वाटल्यावर निघाला, त्या दिवशी हंडा भरला. माहेरहून परतलेल्या सुना पण आल्या. दीपालीनं छतावर हात फिरवला आणि म्हणाली, “आमचा भाग कुठला, त्यांचा कुठला, कळत पण नाही.” कळायला नकोच होतं. सांधा दिसला असता तर काम वाया गेलं असतं.

मी रोज जाऊन बसायचो. मला जिना दिवसातून एकदाच चढता यायचा. हंडा घेऊन तर नाहीच. ज्यांनी चढवला त्या सगळ्यांचे आभार मानायला मला नावं माहीत नाहीत.

पाऊस यायच्या आधी पानं काढली, छत धुतलं. तृप्तीनं पन्हळ्यांना बोळे लावले. घोट्याइतकं पाणी भरलं. संध्याकाळी शेठ आले. उशी, चादर आणि छत्री.

“छत्री कशाला?” तृप्तीनं विचारलं.

“शोभानं दिली,” शेठ म्हणाले. शोभाताई म्हणजे त्यांची बायको. “म्हणाली, भिजून आलात तर घरात घेणार नाही.”

गोदाबाईंनी छत्री घेतली आणि खोलीतल्या खुंटीला टांगली. पलंग नेमका त्या जुन्या डागाखाली सरकवला. “उघडून टांगा म्हणाल तर उघडते,” त्या म्हणाल्या. शेठ नको म्हणाले.

सकाळी मी उजाडता उजाडता पोचलो. तृप्ती माझ्याही आधी आली होती. गोदाबाई वरच्या जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या. दार बंद. त्यांनी वाजवलं नव्हतं. पाहुण्याला उठवायचं नाही, ही पण बंगलीची रीत.

दार उघडलं. शेठ बाहेर आले. केस उभे, डोळे लाल.

“झोप लागली का शेठ?” गोदाबाईंनी विचारलं.

“झोप कसली! रात्रभर डोक्यावरच्या पाण्याकडं बघत पडलो.”

“मग?”

त्यांनी हातातली छत्री पुढं केली. “कोरडी आहे.”

तृप्ती आत पळाली. पलंगावर चढून तिनं डागावर हात फिरवला, मग तोच हात गालाला लावला. “सूखा है काका!” ती आतूनच ओरडली. “एकदम सूखा!”

गोदाबाई कठड्याला धरून उभ्या राहिल्या. चौकातल्या विहिरीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही, आणि ते बरं झालं.

“ठेकेदाराला फोन करतो,” शेठ म्हणाले. “राहू दे म्हणतो. बंगली राहील माय. शब्द दिला होता.” मग चप्पल घालत म्हणाले, “चला, दुकान उघडायचं आहे.”

ते दोन पायऱ्या उतरले. गोदाबाई खोलीत गेल्या, तांब्याचा हंडा घेऊन आल्या आणि त्यांच्या पुढं धरला.

“शेठ. येणाऱ्याचं पाणी.”

शेठ हंड्याकडे बघत राहिले. रीत त्यांच्याच आजोबांची. मग हंडा घेऊन उतरले. विहिरीवर त्यांना दोर कसा सोडायचा ते कळेना. गोदाबाई वरून बघत होत्या. तृप्ती मदतीला निघाली, त्यांनी तिचा हात धरला. पोहरा एकदा रिकामाच वर आला. मग भरून आला. शेठ हंडा खांद्यावर घेऊन चढले. जिन्यावर पाण्याची रेघ, सदरा ओला. खोलीत जाऊन त्यांनी हंडा जागेवर ठेवला.

गोदाबाईंनी आत डोकावलं.

“अर्धाच आहे,” त्या म्हणाल्या.

“माय, मी मालक आहे गं.”

“आज पाहुणे होता.”

शेठ हसले आणि पुन्हा उतरले. दुपारी भोपाळहून वारसा बघायला माणसं येणार होती. त्यांना हीच खोली द्यायची होती.

दुसऱ्या खेपेला हंडा काठोकाठ भरला होता.